धोकादायक रस्ते, इमारतींतील आगी आणि नुकसानभरपाईचा कायदा : खान्देशच्या संदर्भात एक अभ्यास

सारांश

रस्त्यावरील खड्डा, उघडे राहिलेले गटार किंवा निवासी इमारतीत लागलेली आग यामुळे होणारा मृत्यू अथवा अपंगत्व ही केवळ दुर्दैवाची बाब नसून अनेकदा ती वैधानिक कर्तव्याच्या उल्लंघनाची बाब असते. अशा प्रसंगी पीडित व्यक्तीला किंवा तिच्या वारसांना नुकसानभरपाई मागण्याचा हक्क आहे. प्रत्यक्षात हा हक्क फारच थोडे लोक बजावतात. प्रस्तुत लेखात या हक्काचे कायदेशीर स्वरूप, न्यायालयांच्या भूमिकेत झालेला बदल आणि दावा का फसतो याची कारणे यांचा विचार केला आहे. संबंधित यंत्रणेला धोक्याची पूर्वकल्पना होती, हे दाखवणारा कागद हाच अशा दाव्याचा कणा असतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : अपकृत्य, निष्काळजीपणा, वैधानिक कर्तव्य, नुकसानभरपाई, अग्निसुरक्षा, मुदत.

प्रस्तावना

जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांना महानगरपालिकेचा दर्जा २००३ साली मिळाला. तत्पूर्वी दोन्हीकडे नगरपालिका होत्या. दर्जा बदलला तशी शहरे वाढली. परंतु वाढीच्या वेगाने रस्ते व इमारतींची सुरक्षितता वाढली असे म्हणता येत नाही. धुळे शहरापाशी मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन मोठे मार्ग एकमेकांना छेदतात. जळगाव शहराच्या मधूनच सुरत–नागपूर महामार्ग (पूर्वीचा क्रमांक ६, आताचा ५३) गेलेला आहे. खोटेनगर, आकाशवाणी चौक, इच्छादेवी चौक, अजिंठा चौफुली या ठिकाणी शहरातील दुचाकीस्वार आणि दूरवरून आलेले अवजड वाहन एकाच डांबरावर येतात. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाकडे जाणारा विद्यार्थीही हाच महामार्ग धरतो. शहरात समांतर रस्त्यांसाठी झालेली आंदोलने या परिस्थितीतूनच जन्माला आली. त्यातच अमृत योजनेखाली जलवाहिन्या व भुयारी गटारांसाठी जळगाव शहरातील रस्ते खोदले गेले आणि खड्डे, उखडलेली खडी व धूळ हा नागरिकांच्या रोजच्या बोलण्याचा विषय झाला.

दुसरीकडे, बैठ्या घरांच्या जागी सदनिकांच्या इमारती उभ्या राहिल्या. तळमजल्यावर वाहनतळ किंवा दुकाने, वर चार-सहा मजले, एकच जिना आणि त्या जिन्यातच विजेचे मीटर, ही रचना आपल्या ओळखीची आहे. आग लागली तर जीव वाचवण्याचा तोच मार्ग आणि धूर वर चढण्याचाही तोच मार्ग असतो.

प्रश्न किती गंभीर आहे याची कल्पना एका आकड्यावरून येते. २०१३ ते २०१७ या पाच वर्षांत देशात खड्ड्यांमुळे १४,९२६ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या आकड्याची गंभीर दखल घेतली. यांतील किती कुटुंबांनी रस्त्याची देखभाल करणाऱ्या यंत्रणेविरुद्ध दावा केला असेल, असा प्रश्न विचारला तर उत्तर फारसे आशादायक असणार नाही. अपघात हा नशिबाचा भाग मानण्याची आपली वृत्ती हे त्याचे एक कारण आहे. कायद्याची माहिती नसणे हे दुसरे कारण असून प्रस्तुत लेखाचा रोख त्यावर आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. रस्त्यावरील दुर्घटना व इमारतींतील आगी यांबाबत नुकसानभरपाईच्या हक्काचे स्वरूप स्पष्ट करणे.
२. सार्वजनिक यंत्रणांच्या दायित्वाविषयी न्यायालयांच्या भूमिकेतील बदल समजून घेणे.
३. दावा दाखल करताना येणाऱ्या मुदतीच्या व पुराव्याच्या अडचणी दाखवणे.
४. महाविद्यालयीन स्तरावर काय करता येईल याविषयी सूचना करणे.

अभ्यासासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून कायदे व न्यायनिवाडे ही प्रमुख साधने आहेत.

अपकृत्याची संकल्पना

गुन्हा आणि अपकृत्य यांतील फरक प्रथम लक्षात घेतला पाहिजे. गुन्ह्यात राज्य आरोपीला शिक्षा करते. अपकृत्यात ज्याचे नुकसान झाले तो नुकसान करणाऱ्याकडून भरपाई मागतो. गुन्हा संशयातीतपणे सिद्ध व्हावा लागतो. दिवाणी दाव्यात मात्र अधिक शक्यता कोणत्या बाजूची आहे एवढेच पाहिले जाते. त्यामुळे फौजदारी खटल्यात आरोपी निर्दोष सुटला तरी दिवाणी दावा आपोआप फेटाळला जात नाही.

भारतात अपकृत्यांची एकत्रित संहिता नाही. हा कायदा प्रामुख्याने न्यायनिवाड्यांतून घडलेला आहे. निष्काळजीपणाच्या दाव्यात वादीला चार गोष्टी दाखवाव्या लागतात : प्रतिवादीवर काळजी घेण्याचे कर्तव्य होते, ते त्याने पाळले नाही, त्यामुळेच दुर्घटना घडली आणि तीतून प्रत्यक्ष हानी झाली. मृत्यू झाल्यास पती किंवा पत्नी, आईवडील व मुले यांच्या वतीने १८५५ च्या प्राणघातक अपघात अधिनियमाखाली दावा करता येतो. हा कायदा ब्रिटिश अमदानीतील असला तरी आजही लागू आहे.

महानगरपालिकेच्या बाबतीत पहिला मुद्दा फारसा वादग्रस्त नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ६३ मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये दिली आहेत. सार्वजनिक रस्त्यांची देखभाल व अग्निशमनाची व्यवस्था यांचा त्यांत समावेश आहे. वाद उद्भवतो तो पुढच्या पायरीवर. कर्तव्य आहे म्हणून प्रत्येक दुर्घटनेची भरपाई महापालिकेने द्यावी काय?

न्यायालयांची बदलती भूमिका

या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचे दोन निवाडे शेजारी ठेवून वाचावेत असे आहेत.

दिल्लीच्या चांदणी चौकातील घड्याळाचा मनोरा १९५१ मध्ये कोसळला आणि माणसे दगावली. मनोरा सुमारे ८० वर्षांचा होता. अशा बांधकामाचे आयुष्य ४० ते ४५ वर्षे असते असा पुरावा पुढे आला. १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महापालिकेला जबाबदार धरले. रस्त्यालगतच्या बांधकामाची निगा राखणे हे मालकाचे विशेष कर्तव्य आहे, दोष उघड होता की छुपा होता याने फरक पडत नाही, असे न्यायालयाने म्हटले. निगा राखलेला मनोरा असा कोसळत नाही. वस्तुस्थितीच येथे बोलते, हे त्यामागील तत्त्व होय.

दुसरे प्रकरण राजकोटचे. १९७५ साली रस्त्याने जाणाऱ्या एका इसमावर झाड पडले व त्याचा मृत्यू झाला. खालच्या न्यायालयांनी भरपाई दिली. परंतु १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. रस्त्याकडेचे प्रत्येक झाड आतून पोखरले आहे काय हे महापालिकेने सतत तपासत राहावे अशी अपेक्षा ठेवता येत नाही, असा त्या निवाड्याचा आशय आहे.

या दोन निवाड्यांत वरवर विसंगती दिसते. बारकाईने पाहिल्यास एक सूत्र हाती लागते. मनोऱ्याचे वय पालिकेला माहीत असायला हवे होते. झाडाचा दोष तिला माहीत नव्हता व सहज कळण्यासारखाही नव्हता. रस्त्यावरील खड्डा यांपैकी कशाच्या जवळ जातो? तो मानवनिर्मित रस्त्याचा दोष आहे, उघड्या डोळ्यांना दिसतो आणि एका रात्रीत क्वचितच तयार होतो. अर्थात तो झाडापेक्षा मनोऱ्याच्या जवळ जातो. परंतु तो किती दिवस तेथे होता आणि यंत्रणेला कधी कळला, हे वादीला दाखवता आले तरच त्याची बाजू खऱ्या अर्थाने भक्कम होते.

मुंबई उच्च न्यायालयातील खड्ड्यांचे प्रकरण

महाराष्ट्रात या विषयाला निर्णायक वळण मिळाले ते २०१३ मध्ये. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी रस्त्यांच्या दुरवस्थेविषयी मुख्य न्यायमूर्तींना लिहिलेल्या पत्रावरून न्यायालयाने स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. २०१५ मध्ये अंतरिम निर्देश देण्यात आले आणि १२ एप्रिल २०१८ रोजी न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने निकाल दिला. सुस्थितीतील रस्ते व पदपथ मिळणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे त्यात स्पष्ट झाले. खड्ड्यांच्या तक्रारी छायाचित्रांसह नोंदवून घेणारी आणि तक्रारीचे पुढे काय झाले हे नागरिकाला कळू देणारी यंत्रणा उभारण्याचे बंधनही स्थानिक संस्थांवर आले.

तरीही खड्डे आणि मृत्यू थांबले नाहीत. १३ ऑक्टोबर २०२५ रोजी न्यायमूर्ती रेवती मोहिते-डेरे व न्यायमूर्ती संदेश पाटील यांच्या खंडपीठाने याच प्रकरणात पुढचे पाऊल टाकले. खड्डा किंवा उघडे मॅनहोल यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमी झाल्यास दुखापतीच्या स्वरूपानुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश झाला. महापालिका क्षेत्रात आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांच्या समितीने रक्कम ठरवायची आहे. नगरपालिका क्षेत्रात आयुक्तांच्या जागी मुख्याधिकारी असतील. अर्ज आल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत रक्कम न दिल्यास ९ टक्के व्याज द्यावे लागेल आणि संबंधित अधिकाऱ्यांवर वैयक्तिक जबाबदारीही येईल. ही रक्कम पुढे दोषी अधिकारी वा ठेकेदार यांच्याकडून वसूल करायची आहे. लक्षात आणून दिलेला खड्डा ४८ तासांत बुजवला गेला पाहिजे, असेही या आदेशात आहे.

जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात येतात. हा आदेश मुंबईतील मुख्य पीठाचा असला तरी त्याचा आधार राज्यातील कोणत्याही शहरातील नागरिकाला घेता येतो. आपल्याकडील वाचकांच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे.

सहा लाख आणि पूर्ण भरपाई

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. सहा लाख रुपये म्हणजे एका माणसाच्या मृत्यूची संपूर्ण भरपाई नव्हे. मूलभूत हक्काच्या भंगाबद्दल घटनात्मक न्यायालय देते ती भरपाई आणि दिवाणी दाव्यातून मिळणारी भरपाई हे दोन वेगळे उपाय आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ च्या नीलाबती बेहेरा प्रकरणातच स्पष्ट केले आहे. पहिला उपाय दुसऱ्याची वाट बंद करत नाही.

फरक किती पडतो हे एका उदाहरणाने पाहू. समजा, ३२ वर्षे वयाची, खासगी नोकरीत दरमहा १५,००० रुपये मिळवणारी व्यक्ती खड्ड्यामुळे दगावली. मागे पत्नी, मूल व आई असे तीन अवलंबित आहेत. सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निवाड्यांतील सूत्र मोटार अपघातांच्या दाव्यांसाठी असले तरी ते मोजणीचे एक मान्य मार्गदर्शक आहे. त्यानुसार वार्षिक उत्पन्न १,८०,००० रुपये, त्यात भविष्यातील वाढीचे ४० टक्के मिळवून २,५२,००० रुपये, मृताच्या स्वतःच्या खर्चाचा एक तृतीयांश भाग वजा करून १,६८,००० रुपये आणि या वयासाठीचा गुणक १६ धरल्यास २६,८८,००० रुपये होतात. अंत्यविधीचा खर्च व सहवासाच्या हानीची रक्कम याखेरीज मिळते. म्हणजे साधे उत्पन्न असलेल्या कुटुंबाचे आर्थिक नुकसानही सहा लाखांच्या चौपटीपेक्षा अधिक भरते. सहा लाख हा तातडीचा आधार मानावा. तेथेच थांबणे कुटुंबाच्या हिताचे नाही.

मोटार अपघात न्यायाधिकरणाचा मार्ग अशा वेळी नेहमी उपलब्ध असतोच असे नाही. दुसऱ्या वाहनाचा संबंध नसताना दुचाकीस्वार स्वतःच खड्ड्यात पडला तर स्वतःच्या वाहनाच्या विमा कंपनीकडे तो त्रयस्थ म्हणून भरपाई मागू शकत नाही. त्याला मिळू शकते ती मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघात विम्याची रक्कम. २०१८ पासून हे विमासंरक्षण १५ लाख रुपयांचे आहे. वाहन स्वतःच्या नावावर, परवाना वैध आणि विमा चालू असेल तरच ती मिळते. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात आलेले कलम १९८अ सदोष रस्त्याबद्दल ठेकेदार व प्राधिकरण यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड ठरवते. पण तो दंड कुटुंबाला मिळत नाही, निधीत जमा होतो. म्हणूनच रस्त्याच्या धन्याविरुद्धचा दिवाणी दावा हा मार्ग माहीत असणे गरजेचे ठरते.

इमारतींतील आगी : उपहार ते कुर्ला

आगीच्या प्रकरणांतही पूर्वकल्पनेचे सूत्र दिसून येते. दिल्लीतील उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी लागलेल्या आगीत ५९ प्रेक्षकांचा मृत्यू झाला. दिल्ली उच्च न्यायालयाने २००३ मध्ये चित्रपटगृहाच्या चालकांसह वीज मंडळ, महापालिका व परवाना देणारे पोलीस या सर्वांना भरपाईस जबाबदार धरले होते. सर्वोच्च न्यायालयाने १३ ऑक्टोबर २०११ रोजी महापालिका व परवाना प्राधिकरण यांना वगळले, भरपाईची रक्कम कमी केली आणि ती चालक व वीज मंडळ यांच्यात ८५ व १५ टक्के अशी विभागली. वैधानिक अधिकार वापरताना झालेल्या चुकीबद्दल, त्यात द्वेषबुद्धी किंवा अधिकाराचा जाणीवपूर्वक दुरुपयोग नसेल तर, सार्वजनिक यंत्रणेवर भरपाईचे दायित्व येत नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती.

मुंबईत कुर्ला येथील सिटी किनारा या उपाहारगृहात १६ ऑक्टोबर २०१५ रोजी आग लागून आठ जणांचा मृत्यू झाला. त्यांत बहुतांश महाविद्यालयीन विद्यार्थी होते. लोकायुक्तांकडे या कुटुंबांना दाद मिळाली नाही. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मात्र मुंबई महापालिकेला जबाबदार धरून मृतांच्या कुटुंबीयांना प्रत्येकी ५० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. परवान्याच्या अटींचा भंग होत असल्याचे महापालिकेला माहीत होते आणि तरीही तिने कारवाई केली नाही. कर्तव्याचा हा भंग हेच मृत्यूचे निकटचे कारण होय, असे न्यायालयाला आढळले. दोन्ही प्रकरणांत महापालिका होती, परवाना होता आणि आग होती. कुर्ल्याच्या प्रकरणात महापालिकेला असलेली पूर्वकल्पना कागदावर उमटलेली होती, आणि निकालाचे पारडे तेथे झुकले.

निवासी इमारतीत प्रतिवादी कोण, हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ ची प्राथमिक जबाबदारी मालक किंवा भोगवटादार यांच्यावर आहे. सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली असेल तर सामाईक जिने, मीटरची जागा, पाण्याची टाकी व अग्निरोधक यंत्रणा यांची निगा हा तिच्या कारभाराचा भाग ठरतो. अधिनियमानुसार यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत सादर करायचे असते. बांधकामातच दोष असेल, उदाहरणार्थ मंजूर आराखड्यातील दुसरा जिना बांधलाच नसेल, तर विकासक जबाबदार ठरू शकतो. त्याच्याविरुद्ध ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांतील बांधकामाचे दोष दूर करण्याचे दायित्व विकासकावर असते. वीजवाहिनीतील दोषातून दुर्घटना घडल्यास वीजपुरवठा करणाऱ्या संस्थेवर कडक दायित्व येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या शैलकुमारी प्रकरणात सांगितले आहे. तेथे निष्काळजीपणा सिद्ध करण्याचीही गरज राहत नाही.

मुंबईत गोरेगाव येथे ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे एका पुनर्वसन इमारतीच्या तळमजल्यावरील वाहनतळात आग लागली. धूर वर चढला आणि किमान सात रहिवाशांचा मृत्यू झाला. ही इमारत गगनचुंबी नव्हती. आपल्या शहरांत उभ्या राहणाऱ्या इमारतींसारखीच होती. वाहनतळात साठवलेले सामान, बंद केलेला गच्चीचा दरवाजा आणि जिन्यात ठेवलेली कपाटे यांबाबत ‘कोण बोलणार’ म्हणून गप्प राहणाऱ्या संस्थांनी या घटनेकडे पाहिले पाहिजे. अशा इमारतीत दगावलेल्या भाडेकरूच्या वारसांनी दावा केला तर संस्थेला जानेवारी-जुलैची प्रमाणपत्रे दाखवावी लागतील. ती नसणे हाच तिच्याविरुद्धचा पुरावा ठरू शकतो.

दावे का फसतात?

कायदा अनुकूल असूनही दावे फसतात त्याची पुढील कारणे दिसून येतात.

अ) मुदत : महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ नुसार महापालिकेविरुद्ध दावा करण्यापूर्वी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि दाव्याचे कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल व्हावा लागतो. म्हणजे नोटीस पाच महिन्यांच्या आतच पोहोचली पाहिजे. शासनाविरुद्ध दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस लागते. एरवी प्राणघातक अपघाताच्या दाव्याला मुदत कायद्यात दोन वर्षे आहेत. त्या भरवशावर राहिलेले कुटुंब महापालिकेपुरते दार बंद झालेले पाहते. दवाखाना, दशक्रिया, कर्ज आणि मुलांच्या शाळा यांतच हे सहा महिने निघून जातात.

आ) चुकीचा प्रतिवादी : जळगाव शहरातून जाणाऱ्या महामार्गाची, सार्वजनिक बांधकाम विभागाच्या रस्त्याची, औद्योगिक वसाहतीतील रस्त्याची आणि महापालिकेच्या रस्त्याची मालकी वेगवेगळी असते. ‘हा रस्ता आमच्याकडे नाही’ हे उत्तर दावा दाखल झाल्यानंतर आले तर तोवर मुदत संपण्याचा धोका असतो. शंका असल्यास सर्व यंत्रणांना नोटीस देणे हिताचे ठरते. रस्ता कोणाचा, काम कोणत्या ठेकेदाराने कधी केले आणि दोष दायित्व कालावधी कधी संपतो, ही माहिती माहितीच्या अधिकाराखाली मागता येते. उत्तरासाठी ३० दिवस लागू शकतात, हे गणितात धरावे.

इ) पुराव्याचा नाश : अपघातानंतर खड्डा तातडीने बुजवला जातो. लोकांच्या दृष्टीने ते योग्यच आहे, पण दाव्यातील पुरावा त्याबरोबर गाडला जातो. पंचनाम्यात ‘भरधाव वेग’ एवढेच नमूद होते आणि अनेकदा मृत चालकावरच गुन्हा दाखल होतो. पंचनाम्यात खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली, दिव्यांची स्थिती व सूचनाफलकाचा अभाव यांची नोंद व्हावी असा आग्रह नातेवाइकांनी त्याच दिवशी धरला पाहिजे. भ्रमणध्वनीवरील छायाचित्रे पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र जोडावे लागते. आगीच्या बाबतीत अग्निशमन दलाचा अहवाल व विद्युत निरीक्षकाचा अहवाल यांच्या प्रती लवकर मागाव्यात.

ई) पीडिताचा स्वतःचा दोष : शिरस्त्राण नसणे, वेग जास्त असणे, सदनिकाधारकाने स्वतःच जिना अडवणे यामुळे पीडिताचाही निष्काळजीपणा धरला जातो. त्याने दावा रद्द होत नाही. मात्र दोषाच्या प्रमाणात रक्कम कमी होते.

उ) पूर्वीच्या तक्रारीचा अभाव : हे सर्वांत महत्त्वाचे कारण आहे. खड्डा सर्वांना माहीत असतो, परंतु कागदावर तो कोणालाच माहीत नसतो. चहाच्या टपरीवर केलेली तक्रार न्यायालयात पोहोचत नाही. दिनांकासह पोच घेतलेला एक अर्ज मात्र महापालिकेला राजकोटच्या झाडाचा बचाव घेऊ देत नाही. ज्या अनोळखी दुचाकीस्वाराचा पुढे अपघात होईल, त्याच्या वारसांसाठी तो अर्ज पुरावा ठरतो.

खर्चाची अडचण खरी असली तरी तिच्यावर उपाय आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेखालील उत्पन्न असणारे यांना मोफत विधी साहाय्य मिळते. पतीच्या मृत्यूनंतर दावा करणारी पत्नी तिचे उत्पन्न कितीही असले तरी या साहाय्यास पात्र आहे.

सूचना

१. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजना पथकांनी पावसाळ्यापूर्वी व नंतर महाविद्यालयाकडे येणाऱ्या रस्त्यांची पाहणी करून खड्डे, उघडी गटारे व बंद दिवे यांची स्थळ-दिनांकासह नोंद ठेवावी आणि ती संबंधित कार्यालयात पोच घेऊन द्यावी.
२. महाविद्यालय व वसतिगृह यांच्या इमारतींनाही २००६ चा अधिनियम लागू होतो. आपल्या संस्थेची सहामाही प्रमाणपत्रे आहेत काय, हे प्राध्यापकांनी विचारले पाहिजे.
३. प्राध्यापक ज्या गृहनिर्माण संस्थांचे सभासद आहेत त्यांच्या वार्षिक सभेत अग्निसुरक्षा हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा व ठराव इतिवृत्तात नोंदवावा.
४. २०२५ च्या आदेशातील समितीकडे अर्ज कसा करावा, याची माहिती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सहकार्याने महाविद्यालयांत द्यावी.
५. अपघातानंतर पहिल्या आठवड्यात करावयाच्या गोष्टींचे मराठी पत्रक विधी व समाजशास्त्र विभागांनी मिळून तयार करावे.

निष्कर्ष

सार्वजनिक यंत्रणेला भरपाईस जबाबदार धरण्याबाबत न्यायालये १९९७ व २०११ मध्ये जेवढी संकोची होती तेवढी आता राहिलेली नाहीत. २०१८ व २०२५ च्या निकालांनी सुरक्षित रस्त्याला हक्काचे स्थान दिले, तर कुर्ला प्रकरणाने अग्निसुरक्षेतील हयगयीची किंमत दाखवून दिली. मात्र या सर्व निकालांचा फायदा आपोआप मिळत नाही. धोका आधीच कळवलेला होता याचा पुरावा, सहा महिन्यांची मुदत आणि योग्य प्रतिवादी या तीन गोष्टी साधल्या तरच हक्क प्रत्यक्षात उतरतो.

समारोप

भरपाईने गेलेला माणूस परत येत नाही, हे खरे आहे. परंतु भरपाईचा उपयोग केवळ कुटुंबाला पैसे मिळण्यापुरता नसतो. ठेकेदाराला आणि अधिकाऱ्याला स्वतःच्या खिशातून रक्कम द्यावी लागेल ही जाणीव झाली, तर पुढच्या पावसाळ्याआधी डांबराची जाडी मोजली जाईल आणि गटारावर झाकण बसेल. त्यासाठी प्रत्येक सुशिक्षिताने आपल्या गल्लीतील खड्ड्याबद्दल आणि आपल्या जिन्यातील मीटरपेटीबद्दल एक लेखी अर्ज करून त्याची पोच जपून ठेवावी. हे काम कोणत्याही पदवीवाचून करता येण्यासारखे आहे. पदवीधरांनी ते आधी करावे, एवढीच अपेक्षा.